तलवार आणि भातखाचर

जपानी तलवारबाजांचे जुने चित्रपट हा मराठी मासिकात चर्चा करण्याजोगा विषय आहे, असे दहा वर्षांपूर्वी कोणी आम्हांस सांगितले असते, तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. आमचे आयुष्य पुस्तकांत गेले; भवभूती आणि शेक्सपिअर शिकविता शिकविता केस पिकू लागले. ज्या कलेत बोलण्यापेक्षा मारामारीच अधिक, तिच्याविषयी आमच्यासारख्यांच्या मनात एक प्रकारची तुच्छता असते, आणि ती आमच्याही मनात होती हे आरंभीच कबूल केलेले बरे. परंतु वाशीस आम्ही ज्या इमारतीत राहतो, तेथे पावसाळ्यातील शनिवारी रात्री एका शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात सात-आठ मंडळी जमतात आणि भिंतीवरील मोठ्या दूरदर्शनसंचावर हे चित्रपट मोठ्या भक्तिभावाने पाहतात. तीत दोन तरुण इंजिनिअर आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, आमचे चिरंजीव आहेत, आणि अधूनमधून जवळच्याच गावठाणातील एक वृद्ध काकाही येऊन बसतात. चिरंजीवांच्या आग्रहामुळे आम्ही प्रथम केवळ शिष्टाचार म्हणून गेलो. पुढे मात्र आपण होऊन जाऊ लागलो.

या मंडळींची चर्चा ऐकण्यासारखी असते. कोणत्या चित्रपटात कोणत्या नटाने तलवार कशी उपसली, कोणता डाव खरा आणि कोणता केवळ कॅमेऱ्याच्या करामतीचा, आंधळा तलवारबाज झाटोइची आणि तोशिरो मिफुने याने रंगविलेला 'योजिम्बो'मधील बेवारशी योद्धा हे समोरासमोर आले तर जय कोणाचा, ब्रूस लीचा वेग अधिक की शाओलिनच्या मठातील शिष्याची तपश्चर्या अधिक, असे प्रश्न मध्यरात्रीपर्यंत चालतात. त्यांची माहिती आमच्याहून कितीतरी जास्त आहे. कोल्हापूरकडील एक तरुण लहानपणी तालमीत दांडपट्टा शिकलेला असल्यामुळे मनगट कोठे फिरते आणि पाऊल कोठे पडते हे तो अचूक दाखवितो, आणि त्याचे बोलणे ऐकताना कसबाचे रसग्रहण ही स्वतंत्र विद्या आहे असे आम्हांसही मान्य करावे लागते. तथापि, या सर्व चर्चेत एक गोष्ट आम्हांस खटकत असे. तलवार कशी चालली याचा विचार फार सूक्ष्म होई. ती कोणासाठी चालली आणि तिचे मोल कोणी दिले याचा विचार मात्र सहसा होत नसे. या लेखाचा हेतू एवढाच की, या चित्रपटांतील जे उत्तम आहेत त्यांचे उत्तमपण तलवारीत नसून या दुसऱ्या प्रश्नात आहे, हे वाचकांपुढे मांडावे.

आपल्या साहित्यशास्त्राने या बाबतीत एक मोठा उपयुक्त भेद करून ठेवला आहे. भरताने वीररसाचा स्थायीभाव उत्साह मानला आणि रौद्राचा क्रोध मानला. दोहोंतही शस्त्रे असतात, रक्त असते, गर्जना असतात. म्हणून वरवर पाहणारास ते सारखेच वाटतात. पण सूडाने पेटलेला मनुष्य आणि अंगीकारलेले कार्य शेवटास नेण्यासाठी उभा राहिलेला मनुष्य यांच्या अंतःकरणांची जात वेगळी आहे. पुढे विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर असे वीराचे चार भेद सांगितले. म्हणजे शस्त्र हे वीरत्वाचे अनेक साधनांपैकी एक, सर्वस्व नव्हे, ही गोष्ट आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वीच ओळखली होती. हा गज हाती घेऊन पाहिले असता मारामारीचे बहुतेक चित्रपट रौद्राच्या पोटी येतात. १९७३ सालचा 'एंटर द ड्रॅगन' घ्या. ब्रूस लीचे अंगलाघव विलक्षण आहे यात शंका नाही. पण कथेतील नायकास पुढे लोटणाऱ्या मुख्य भावनांत बहिणीच्या मृत्यूचा सूड ही एक आहे, आणि सूड संपला की प्रेक्षकाच्या मनात उरावे असे काही फार राहत नाही. याच्या उलट १९७८ सालचा 'द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' हाही सूडातूनच सुरू होतो. परंतु त्याचा मोठा भाग शिष्याच्या अभ्यासात खर्च झालेला आहे. पाण्याची भांडी उचलून धरणे, तोल सांभाळणे, पडणे आणि पुन्हा उठणे, यांत क्रोध हळूहळू विरतो आणि त्याची जागा उत्साह घेतो. तालमीत घाम गाळलेल्या त्या कोल्हापूरकर तरुणास हा चित्रपट सर्वांत प्रिय असावा, हे आम्हांस योग्यच वाटते.

परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणून मंडळी ज्याचे नाव घेतात, तो अकिरा कुरोसावा याचा 'सेव्हन सामुराई' होय. १९५४ साली निघालेला हा चित्रपट सुमारे साडेतीन तासांचा आहे. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्यास रौप्य सिंह मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत जपानवर विजेत्यांचा अंमल होता आणि त्या काळात तलवारबाजीच्या ऐतिहासिक चित्रपटांवर कडक निर्बंध होते. तो अंमल उठल्यावर दोनच वर्षांत हा चित्रपट आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पराभूत राष्ट्राच्या हाती पुन्हा तलवार आली, तेव्हा त्या राष्ट्रातील सर्वश्रेष्ठ दिग्दर्शकाने तिचा जयजयकार केला नाही. त्याने तिला शेतकऱ्याच्या दारी चाकरीस उभे केले.

कथा वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीचा अंदाधुंदीचा काळ आहे. चाळीस घोडेस्वार दरोडेखोर एका डोंगराळ खेड्यावर डोळा ठेवून आहेत. मागे त्यांनी तेथील भात लुटून नेले आणि आता सातू पिकण्याची ते वाट पाहत आहेत. गावकरी म्हाताऱ्या पुढाऱ्याच्या सल्ल्याने शहरात जाऊन योद्धे शोधतात. त्यांस देण्यासाठी त्यांच्यापाशी द्रव्य नाही, मान नाही. आहे तो केवळ पोटभर भात. आणि तो भात योद्ध्यांस वाढावा म्हणून स्वतः गावकरी हलके धान्य खाऊन राहतात. काम्बेई नावाच्या प्रौढ योद्ध्यास हे कळते, तेव्हा तो भाताचा वाडगा हाती घेऊन गावकऱ्यांस एवढेच आश्वासन देतो की, हे अन्न आपण वाया जाऊ देणार नाही. ताकाशी शिमुरा या नटाने हा प्रसंग इतक्या साधेपणाने केला आहे की, आमच्या मते साऱ्या चित्रपटातील खरी शपथ हीच. चित्रपटातील आणखी एक लहानसा प्रसंग याहूनही हृदयस्पर्शी आहे. धर्मशाळेत त्या गावकऱ्यांचे तांदूळ चोरीस जातात आणि त्यांतील एक दुबळा गडी जमिनीवर सांडलेले दाणे एकेक करून वेचीत बसतो. आमच्या मंडळींपैकी कोणीही या प्रसंगाचा उल्लेख कधी केला नव्हता. क्यूझो नावाच्या तलवारबाजाच्या द्वंद्वाचा मात्र शंभरदा केला होता.

क्यूझोचे ते द्वंद्व सुंदर आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या पात्राचा शेवट काय झाला? ज्याच्या तलवारीस तोड नाही, तो दूरवरून सुटलेल्या बंदुकीच्या गोळीने पडतो. सात जणांपैकी चौघे मरतात आणि ते चौघेही गोळीनेच मरतात; तलवारीने त्यांस कोणी जिंकू शकत नाही, आणि तलवार त्यांस वाचवूही शकत नाही. एवढ्या कौशल्याचा एवढा निरर्थक शेवट दिग्दर्शकाने हेतुपूर्वक दाखविला आहे. या योद्ध्यांसाठी हेइहाची जे निशाण तयार करतो तेही पाहा: सहा वर्तुळे सहा योद्ध्यांची, एक त्रिकोण अर्धवट योद्धा असलेल्या किकुचियोचा, आणि सर्वांच्या खाली शेतास उद्देशून काढलेले एक अक्षर. योद्धे वर आणि शेत खाली, अशी त्या निशाणाची रचना असली तरी ज्यासाठी सगळे घडते ते त्या खालच्या अक्षरासाठीच.

किकुचियो हे पात्र तर या चित्रपटाचा आत्माच म्हटले पाहिजे. तो शेतकऱ्याचा मुलगा असून योद्धा म्हणवून घेण्याची धडपड करीत असतो. गावकऱ्यांनी पूर्वी एकाकी सापडलेल्या योद्ध्यांस मारून त्यांची चिलखते लपवून ठेवल्याचे उघडकीस येते, तेव्हा इतर योद्धे संतापतात. त्या वेळी किकुचियो उसळून जे बोलतो त्याचा आशय असा की, शेतकरी लबाड आहे, कंजूष आहे, भित्रा आहे, हे सर्व खरे. पण त्याची घरे जाळून, त्याच्या बायका पळवून, त्याचे धान्य लुटून त्यास तसे केले कोणी? तुम्ही तलवारवाल्यांनीच ना? पुढे दरोडेखोरांपैकी एक जिवंत सापडतो, आणि जिचे सारे घर त्यांनी बुडविले अशी एक म्हातारी हाती कुदळ घेऊन त्याच्याकडे डगमगत चालू लागते. योद्धे क्षणभर अडवू पाहतात आणि मग मान खाली घालतात. येथे रौद्र आणि करुण एकत्र होतात आणि निव्वळ उत्साहालाही लाज वाटावी असा क्षण येतो. शौर्याच्या कथेत शौर्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे हे धैर्य, तेच आम्ही या चित्रपटाचे मोठेपण समजतो.

हीच परंपरा पुढे १९६२ साली मासाकी कोबायाशी याच्या 'हाराकिरी'त अधिक कठोर झाली. त्याची पटकथा शिनोबू हाशिमोतो याची. 'सेव्हन सामुराई'च्या तिघा पटकथाकारांपैकी तो एक होता. दारिद्र्यामुळे खऱ्या तलवारीचे पाते विकून बांबूचे पाते कमरेस लावणारा तरुण आणि त्याच बांबूने पोट फाडून घेण्यास त्यास भाग पाडणारे प्रतिष्ठित घराणे यांच्या या कथेत योद्ध्यांचा तो गाजलेला मानधर्म आतून पोकळ असल्याचे दाखविले आहे. त्या घराण्यात पूज्य म्हणून ठेवलेले पूर्वजांचे रिकामे चिलखत शेवटी उलथून पडते. आमच्या मंडळींनी या चित्रपटातील अखेरचे युद्ध तीनदा फिरवून पाहिले. तो बांबू पाहण्यास मात्र कोणी थांबले नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या चित्रपटांचा आरंभ आठवला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. एकात तानाजीची तलवार, दुसऱ्यात सावकाराच्या पाशात जमीन गमावून शहराच्या गिरणीकडे जाणारा शेतकरी. दिग्दर्शक एक, कंपनी एक, व्ही. शांताराम यांच्या भूमिकाही दोहोंत आहेत. अर्थात तलवार आणि नांगर हे दोन्ही विषय आपल्या चित्रकलेने पाळण्यातच हाती घेतले होते. परंतु ते दोन निरनिराळ्या चित्रपटांत राहिले, आणि पुढेही बहुधा निराळेच राहिले. कुरोसावाने एकोणतीस वर्षांनंतर जे केले ते हे की, 'सिंहगड' आणि 'सावकारी पाश' एकाच चौकटीत आणून त्यांस एकमेकांशी बोलावयास लावले.

असे आपल्याकडे का झाले नाही? विषयाचा अभाव म्हणावा, तर तो मुळीच नव्हता. जपानात योद्धा आणि शेतकरी या दोन जाती होत्या. आपल्या मुलुखात तर पुष्कळदा तो एकच मनुष्य असे. पावसाळ्यात नांगर धरावयाचा आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून मुलुखगिरीस निघावयाचे, ही मराठी शिपायाची रीत होती. जे किकुचियोचे स्वप्न होते ते आमच्याकडे रोजचे जिणे होते. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील छावणीतील अंमलदारांस लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. फौजेने रयतेचे धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला बळाने घेऊ नये. तसे केल्यास रयतेस मोगलांपेक्षाही तुमचा जाच अधिक वाटेल, असा इशारा त्यात आहे. म्हणजे जो प्रश्न किकुचियो ओरडून विचारतो, तो आमच्या राजाने स्वतःच्याच सैन्यास विचारून ठेवला आहे. एवढे नाट्यबीज हाती असता 'फर्जंद' (२०१८) आणि 'पावनखिंड' (२०२२) यांसारख्या अलीकडच्या लोकप्रिय ऐतिहासिक चित्रपटांत आम्हांस गड दिसला, खिंड दिसली, निष्ठा दिसली आणि रणगर्जना तर पुष्कळच ऐकू आल्या. परंतु त्या मावळ्याच्या घरचे शेत कोण पेरीत होते हे दिसले नाही. बाजी प्रभूंच्या बलिदानाचे तेज यामुळे कमी होते असे आमचे म्हणणे नाही. ज्यांच्यासाठी ते बलिदान झाले त्यांस पडद्यावर चेहरा मिळाला असता, तर ते अधिकच उजळले असते.

हिंदी 'शोले'ची (१९७५) गोष्टही अशीच. दरोडेखोरांनी गांजलेले खेडे आणि भाडोत्री वीर ही कल्पना ज्या झऱ्यातून वाहत आली तो झरा मंडळींस ठाऊक आहे आणि त्याचा ते अभिमानाने उल्लेख करतात. पण तेथे वीरांस बोलावितो तो एकटा ठाकूर, आणि तोही स्वतःच्या सूडासाठी. रामगढचे शेतकरी केवळ भोवती उभा असलेला जमाव आहेत. मूळ चित्रपटात निर्णय गावाचा, भीती गावाची, भाले गावाच्या हाती आणि भातही गावाचा. हे सर्व गाळून जे उरले त्यात गंमत पुष्कळ आहे, परंतु उत्साहाची जागा पुन्हा क्रोधाने घेतली आहे.

कुरोसावाची कृती निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याचे शेतकरी पुष्कळदा कळपासारखे एकत्र धावतात, एकत्र रडतात. दोघातिघांपलीकडे त्यांस स्वतंत्र व्यक्तित्व नाही. दरोडेखोरांस तर बोलण्याचीही संधी नाही. तेही कदाचित धन्यावाचून भटकणारे शिपाईच असतील, हा विचार चित्रपट पुरतेपणी करीत नाही. कुरोसावाचे घराणे वडिलांकडून सामुराईंचे होते. अपराधाची कबुली देतानाही तो योद्ध्याच्याच डोळ्यांनी पाहतो. शेवटी पावसानंतरच्या लख्ख उन्हात गाणे-वाजवणे करीत गाव भाताची लावणी करू लागते, चार थडग्यांवर तलवारी रोवलेल्या दिसतात, आणि काम्बेई आपल्या सोबत्यास सांगतो की जय त्यांचा झाला, आपला नव्हे. हा शेवट उदात्त आहे, पण तो योद्ध्याच्या तोंडचा आहे.

गेल्या श्रावणात मंडळींनी हा चित्रपट पुन्हा लावला होता. तो संपल्यावर नेहमीप्रमाणे क्यूझोची चर्चा सुरू झाली. आम्हीही उत्साह आणि क्रोध यांच्या भेदावर थोडेसे व्याख्यान दिले. गावठाणातील काका शेवटचा प्रसंग मोठ्या बारकाईने पाहत होते. राब भाजणे, चिखलणी, लावणी हे सर्व त्यांच्या हातून गेलेले. ते आम्हांस म्हणाले, "सर, लावणी झाली, गाणी म्हटली, ते बरं झालं. पण पुढल्या सालाला ती जमीन त्यांचीच राहिली का?"

आमच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी होते, ते आम्ही दिले. त्या काळी जपानचा सत्ताधीश झालेला हिदेयोशी याने देशभर जमिनीची मोजणी चालविली होती, आणि १५८८ साली त्याने शेतकऱ्यांपाशी असलेली शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम सोडला. चित्रपटाची कथा १५८६ च्या सुमाराची आहे. म्हणजे ज्या भाल्यांनी त्या गावाने दरोडेखोर हटविले, ते भाले दोन वर्षांत सरकारजमा व्हावयाचे होते. आणि जमिनीवर राहून वर्षानुवर्षे सारा भरणे हेच पुढे त्यांच्या नशिबी होते. घोड्यावरून आलेला शत्रू हटविता येतो. मोजणीची दोरी घेऊन आलेल्यास हटविणे कठीण. काका शांतपणे हसले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्या खिडकीतून ज्या उंच इमारती दिसतात, त्या भागात पूर्वी भाताची खाचरे होती.

नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या कामासाठी संपादनाखाली आल्या. समुद्राचे खारे पाणी बांध घालून थोपवून आगरी-कोळ्यांच्या पिढ्यांनी पिकविलेली ती जमीन होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १९८४ च्या जानेवारीतील १६ व १७ तारखांस जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्याच लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. येथेही माणसे पडली ती गोळीनेच. आणि त्याच्याही आधी, याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप १९३९ पर्यंत, सहा वर्षे, टिकविला. उपाशी राहून, हाताशी असलेला नांगर न धरणे हे शौर्य कोणत्या तलवारबाजाच्या शौर्याहून कमी आहे? भरताने उत्साह म्हटला तो हाच. त्यास शस्त्राची गरजच पडली नाही.

तात्पर्य, आमच्या शेजारच्या मंडळींनी हे चित्रपट पाहू नयेत किंवा कमी भक्तीने पाहावेत, असे आमचे मुळीच सांगणे नाही. उलट अधिक पाहावेत. परंतु तलवारीवरून दृष्टी थोडी खाली आणून त्या निशाणावरील शेवटच्या अक्षरापर्यंत न्यावी. तसे केल्यास आपल्याकडील ऐतिहासिक चित्रपटांकडून काय मागावे हेही त्यांस कळेल, आणि जेथे मागणारा जाणता असतो तेथे देणाराही फार काळ आळशी राहू शकत नाही. आमच्यापुरते बोलावयाचे तर, व्याख्यान आम्ही दिले आणि टीका काकांनी केली, हे आम्ही त्याच रात्री ओळखले. पुढच्या शनिवारी 'हाराकिरी' लावण्याचे ठरले, तेव्हा चिरंजीवांस आम्ही मुद्दाम खाली पाठविले आणि काकांस आधी बोलावून पुढची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवली.